खुर्चीवरची शाल

मादाम इनशिराहचं बूड हलत नाही, असं अख्खी कचेरी म्हणायची, आणि तेही तिच्या तोंडावर. ती हसायची. त्यात टोमणा होता तसं कौतुकही होतं, कारण आमच्या झगाझिग शहरातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत सकाळी सही करून दुपारपर्यंत जागेवर सापडणारं माणूस म्हणजे चमत्कारच. कचेरी कुठली ते मी सांगणार नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला आणा? एवढंच सांगतो की ती कालव्याच्या काठावर आहे, दुसऱ्या मजल्यावर कर्मचाऱ्यांच्या नोंदींचा विभाग आहे, आणि तिथे माणसं जास्त नि खुर्च्या कमी आहेत.

खुर्च्या इतक्या कमी, की नवीन माणूस रुजू झाला की आधी घरून खुर्ची आणतो आणि मग काम काय ते विचारतो. इनशिराहची खुर्ची तिच्या लग्नातली होती. लाकडी, वेताच्या बैठकीची, वर तिने स्वतः शिवलेली गादी. नवरा गेल्यावर तिने ती कचेरीत आणली आणि सायकलच्या साखळीने टेबलाच्या पायाला बांधून टाकली. साखळी न बांधून चालतंय होय! हिशेब बघणाऱ्या फत्ही उस्तादची, उस्ताद म्हणजे आमच्याकडे साहेब, खुर्ची एकदा तो हात धुवायला गेला असताना गेली, ती अजून सापडायची आहे.

आता शालीचं सांगायला हवं. आमच्याकडे रिकामी खुर्ची म्हणजे गैरहजर माणूस, पण पाठीवर कपडा टाकलेली खुर्ची म्हणजे हजर माणूस. पुरुष जाकीट टाकतात, बायका शाल टाकतात आणि टेबलावर पर्स ठेवतात. हे जाकीट किंवा ही शाल कधी घरी जात नाही. जुनी, विटलेली, खणात पडून असते आणि कामाच्या वेळी बाहेर निघते. मालक कुठे का असेना, बाजारात, शाळेच्या दारात, चुलतभावाच्या दुकानावर. शाल आहे ना, मग तो आहे. तपासणी समिती आली तरी शालीकडे बघून पुढे जाते. त्या समितीतल्या माणसांच्या खुर्च्यांवरही त्या घटकेला जाकिटंच लटकत असतात, ते कोणत्या तोंडाने बोलणार? फक्त एक गोष्ट लागते. शेजारी कुणीतरी जिवंत माणूस बसलेलं हवं, जे म्हणेल, "अहो आत्ताच होती, नमाजाला गेलीय, येईलच."

ते जिवंत माणूस म्हणजे इनशिराह. ती बसली होती म्हणून बाकीचे हिंडत होते. आणि सगळ्यांत जास्त हिंडायची ती समोरच्या टेबलावरची कौसर.

कौसर आणि इनशिराह एकाच महिन्यात नोकरीला लागल्या, तेव्हा दोघींची लग्नंही झाली नव्हती. समोरासमोर टेबलं, एकच खिडकी, एकाच किटलीतला चहा. कौसर कापडवाल्याची मुलगी. बापाच्या दुकानात ठाण उलगडत आणि गुंडाळत वाढलेली, त्यामुळे तिच्या हाताला एक खोड होती. कपडा म्हणून हाती आला की तीन घड्या घालायच्या आणि काठ किंवा झालर आत खोचायची. मग तो रुमाल असो, टेबलक्लॉथ असो, नाहीतर दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरलेला स्कार्फ असो. बोलता बोलता हात आपले चालू. इनशिराह म्हणायची, "बये, तुझ्यासमोर दोन मिनिटं निवांत बसलं तर तू माणसाचीही घडी घालशील."

कौसरला तीन मुलं, सासू अंथरुणावर, नवरा नावापुरता. तिला सकाळी बाजार, मधल्या वेळात मुलांना शिकवण्यांना सोडणं, कधी दवाखाना. ती जायची आणि इनशिराह तिच्या खुर्चीवर शाल टाकायची, पर्स मांडायची, चष्म्याची रिकामी डबीसुद्धा उघडी करून ठेवायची. वर तिचं कामही उरकायची. कौसर परत यायची ती भाजीच्या पिशव्या घेऊन. मग दोघी टेबलावर वर्तमानपत्र पसरून मुलूखियाच्या भाजीची पानं निवडायच्या, दुधीसारखे लठ्ठ कोसे भात भरण्यासाठी पोखरायच्या. इनशिराहच्या मागे असं काही नव्हतं. नवरा गेलेला, एकच मुलगी, ती पोर्ट सईदला दिलेली. कौसर लाडाने म्हणायची, "तुला काय गं, एकटा जीव! बस खुशाल राणीसारखी." इनशिराहला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, आपल्याशिवाय कुणाचं अडतंय ही गोष्ट एकट्या बाईला फार गोड लागते.

तर त्या वर्षी विभागप्रमुख बहगत उस्ताद निवृत्त व्हायचे होते. त्यांची खोली आमच्याच मजल्यावर, कालव्याच्या बाजूला, आणि खोलीत ती गोल फिरणारी काळी खुर्ची. त्या जागेवर हक्क इनशिराहचा होता. मागच्या खेपेलाही होताच, पण तेव्हा सगळे म्हणाले होते, बहगतला चार तोंडं पोसायचीत, तू बाईमाणूस, तुला काय घाई? ती गप्प बसली होती. या वेळी मात्र तिने मनावर घेतलं होतं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, आणि जाताना दारावर आपल्या नावाची पाटी असावी एवढंच तिला हवं होतं. चहावाल्या शहाताचाचाने तर तिला आत्तापासून 'मुदीर मादाम', म्हणजे प्रमुखबाई, म्हणायला सुरुवात केली होती. ती त्याला दटावायची आणि दुसरा चहा मागवायची. तिच्यानंतर नंबर कौसरचा. दोघींचं ठरलं होतं, इनशिराह आत गेली की तिची खिडकीजवळची जागा कौसरने घ्यायची.

मात्र उन्हाळ्यात इनशिराहचे पाय सुजले. आधी संध्याकाळी सुजायचे, मग सकाळीच चपलेत मावेनात. डाव्या पोटरीला हात लावू देववेना. डॉक्टर मुरादने पाय दाबून पाहिले आणि विचारलं, "काम काय करता?"

"कचेरीत असते."

"कचेरीत असता म्हणजे काय करता?"

"बसते," इनशिराह म्हणाली.

डॉक्टर कातावला. म्हणाला, "बाई, रक्त खाली जातंय आणि वर यायचं नाव घेत नाही. गाठ झाली आणि ती छातीत चढली तर मग मला बोलावू नका, मौलवीला बोलावा. अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं. बसल्या जागी टाचा वर-खाली करायच्या. आणि मधल्या वेळात रोज चालायचं, अंगाला घाम येईपर्यंत. गोळ्या देतो, पण पायांचं काम गोळ्या करणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती टेबलाखाली टाचा वर-खाली करू लागली, तर फत्ही उस्ताद म्हणाला, "मादाम, शिलाईमशीन कधी आणलंत?" सगळे खिदळले. दर थोड्या वेळाने ती उठून कपाटापर्यंत जायची, तर कपाटाशी बसलेली आमाल घाबरून फोन लपवायची. इतकी वर्षं न हललेलं माणूस हललं की लोकांना भूकंप झाल्यासारखं वाटतं.

राहिलं चालणं. ते ती टाळत होती. "बढतीचं वर्ष आहे," ती कौसरला म्हणाली. "या वर्षात एकदा 'जागेवर नाही' असा शेरा पडला की संपलं. बहगत जाऊ दे, मग चालेन."

कौसर तिच्यावर तुटून पडली. "वेडी आहेस का गं? पाय गेले तर त्या काळ्या खुर्चीत काय पालखीतून जाऊन बसणार आहेस? इतकी वर्षं माझी शाल कुणी राखली? आता मी तुझी राखते. तू बिनधास्त कालव्याच्या कडेने चाल. ही खिडकी तिथून दिसते ना? समितीचा वास जरी आला तरी मी हिरवी झडप लावून घेईन. झडप मिटलेली दिसली की तू मागच्या जिन्याने वर. बस्स!"

इनशिराहच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यापाशी हजेरीची शाल नव्हतीच मुळी, कधी लागली नव्हती. घरून एक राखी लोकरी शाल आणली, लांब झालरीची, नवऱ्याने इस्कंदरियाहून आणलेली. कौसरने स्वतः ती खुर्चीच्या पाठीवर पांघरली, दोन पावलं मागे जाऊन बघितली आणि म्हणाली, "हुबेहूब तू. फक्त बडबड कमी."

आणि इनशिराह चालायला लागली. पहिले काही दिवस तिला शरमच वाटली. कचेरीच्या वेळेत उन्हात, मोकळ्या हातांनी, काही न आणता काही न पोचवता नुसतं चालायचं म्हणजे काय! मासे पकडणारे म्हातारे तिला बघून सलाम करायचे. मग हळूहळू पोटरी सैल झाली, श्वास मोकळा झाला. शाळेच्या भिंतीपर्यंत जायचं आणि वळायचं. वळली की वर खिडकीकडे नजर टाकायची. झडप उघडी. म्हणजे सगळं ठीक. चपला पुन्हा मापात बसू लागल्या आणि ती गुणगुणायलाही लागली. या वयात कुणीतरी आपली राखण करतंय, या सुखानेच ती अर्धी बरी झाली असेल.

त्या दिवशीही झडप उघडीच होती. ती गेली, वळली, वर पाहिलं, पुन्हा गेली, पुन्हा पाहिलं. झडप सताड उघडी, आत पंखा फिरताना दिसत होता. ती सावकाश, पुढच्या जिन्याने, घाम पुसत वर आली.

तिची खुर्ची उघडीबोडकी. पर्स टेबलावर नाही, खालच्या खणात. शाल बैठकीवर घडी होऊन पडलेली. आणि कौसर आपल्या जागी तोंडावर हात घेऊन हुंदके देत होती.

"आले गं मेले, आले!" तिने इनशिराहला पाहताच गळा काढला. "धाडकन दारातच उभे! मला खिडकीपर्यंत जायलासुद्धा फुरसत मिळाली नाही. समितीतला तो टकल्या सरळ तुझ्या खुर्चीपाशी आला, म्हणाला, 'ही नाटकं बंद करा,' आणि शाल ओढून फेकली खाली बैठकीवर. माझे हातपाय गार पडले. तू येईपर्यंत मी जागची हलले नाहीये, आईशप्पथ! माझी जीभच उचलेना गं..."

फत्ही त्या दिवशी चुलतभावाच्या दुकानावर होता, आमाल मुलीला आणायला गेली होती. त्यांच्या खुर्च्यांवर कपडे होते आणि ते दोघे हजर धरले गेले. खोलीत खरोखर हजर होती ती एकटी कौसर.

आणि आमची इनशिराह काय करते? तिने कौसरलाच जवळ घेतलं! स्वतःच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि ही तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणतेय, "रडू नकोस, तुझा काय दोष? माझंच नशीब फुटकं." शाल तशीच उचलून तिने पिशवीत कोंबली आणि घरी गेल्यावर पिशवी खुंटीला अडकवली. त्या शालीकडे बघवत नव्हतं तिला.

शेरा पडला. बढतीच्या यादीतून नाव गेलं. बहगत निवृत्त झाले आणि त्या काळ्या खुर्चीत कौसर जाऊन बसली. बसबूसाची मिठाई वाटली, सरबत झालं, बायकांनी जीभ वळवून आनंदाचे चीत्कार काढले. कौसरने इनशिराहच्या गळ्यात पडून सगळ्यांसमोर म्हटलं, "ही खुर्ची हिची आहे, मी फक्त राखण करतेय!" लोकांचे डोळे ओलावले. इनशिराहचेही. तिने मनापासून मिठी मारली होती हो. गेली तर गेली, पण बाहेर कुठे गेली नाही, घरातच राहिली, अशी ती स्वतःची समजूत घालत होती.

मग थंडी पडली. त्या सकाळी कालव्यावर धुकं होतं, आणि घराबाहेर पडताना तिला खुंटीवरच्या पिशवीची आठवण झाली. तिने शाल बाहेर काढली.

शाल उघडण्यासाठी तिने टोक शोधलं आणि टोक सापडेना. तीन घड्या. लांबलचक झालर होती ती सगळी आत खोचलेली, एक दोरा बाहेर नाही. पिशवीत कोंबून, इतके दिवस लटकूनही ती घडी मोडली नव्हती. कापडवाल्याच्या दुकानातली घडी होती ती.

इनशिराह पलंगावर बसली. टकल्याने ओढून फेकली म्हणे! फेकलेली शाल स्वतःच्या झालरी आत खोचून घेते काय? आणि जागची हललेच नाही म्हणणाऱ्या बाईने ही घडी घातली कधी? खिडकीपर्यंत दोन पावलं जायला फुरसत नव्हती. पण शाल उतरवायला, मांडीवर घेऊन घडी घालायला, झालर बोटाने सारखी करायला, पर्स खालच्या खणात ठेवायला होती. समिती नेहमी खालच्या मजल्यावर आधी कॉफी घेते, हे तर कचेरीतली मांजरंही जाणतात. खाली शहाताचाचा वरच्यांना इशारा म्हणून मुद्दाम पेले आपटतो, ते आवाज तिने ऐकले असणार. ऐकले आणि कामाला लागली. बाईने खुर्ची साफ केली आणि मग निवांत बसून राहिली, झडप उघडी ठेवून. खाली ही गुणगुणत चालत होती आणि वर पाहून म्हणत होती, कौसर आहे, सगळं ठीक आहे.

'तुला काय गं, एकटा जीव.' तिला ते आता वेगळ्याच आवाजात ऐकू आलं. ती त्या शालीत तोंड खुपसून रडली. खुर्चीसाठी नाही. खुर्ची कौसरने मागितली असती तर तिने दिलीही असती, इतकी ती मूर्ख होती. त्या बाईची शाल राखता राखता हिने आपल्या पायांची माती करून घेतली होती, आणि त्याच पायांना चालायला पाठवून तिने केसाने गळा कापला.

त्या दिवशी ती उशिरा कचेरीत गेली. दुपारच्या आधी आतल्या खोलीचं दार उघडलं आणि कौसर बाहेर आली, हातात तिची जुनी मरून शाल. मुदीर झाली तरी सवयी कुठे जातात?

"इनशिराह, कोबी काय सुंदर आलाय म्हणे बाजारात! मी अशी जाते नि अशी येते. एवढी माझ्या खुर्चीवर टाक ना, माझी बाय."

इनशिराह उठली. शाल हातात घेतली. टेबलावर पसरली, सगळ्यांसमोर. एक घडी घातली. दुसरी घातली. तिसरी घातली. मग बोटाने झालर सारखी करत करत सगळी आत खोचली, नीट, एक दोरा बाहेर न ठेवता. आणि ती घडी कौसरच्या हातावर ठेवली.

"घे," ती म्हणाली. "अशीच ना गं?"

कौसर त्या घडीकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला, कानांपर्यंत पांढरा पडला. फत्ही म्हणाला, "काय झालं, मादाम?" पण दोघींपैकी कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.

"इनशिराह," कौसर पुटपुटली, "मला तीन पोरांचं... तुला माहितेय माझं घर..."

"मला माहितेय. मीच तर राखलं."

एवढंच ती बोलली. मग तिने पिशवीतून आपली राखी शाल काढली, झटकली आणि खांद्यांवर घेतली. पर्स काखेत मारली. टेबलावर काही ठेवलं नाही. सायकलच्या साखळीने बांधलेली ती वेताची खुर्ची भर कचेरीच्या वेळेत उघडी टाकून ती जिना उतरली. शेरा पडायचा तर पडो, आता घालवायला राहिलं काय होतं?

कौसर बाजारात गेली नाही. कशी जाणार? शाल टाकायला हात होते खोलीत, पण 'आत्ताच होती, येईलच' म्हणणारं माणूस नव्हतं. फत्ही नि आमालवर कोण भरवसा ठेवणार, तेच हजर नसतात! ती आत जाऊन काळ्या खुर्चीत बसली ती बसलीच. त्या दिवशी बसली, दुसऱ्या दिवशी बसली. सगळा बाजार, सगळ्या शिकवण्या बंद.

इनशिराह रोज चालते. शाळेच्या भिंतीपाशी वळते आणि सवयीने वर बघते. प्रमुखाच्या खोलीची खिडकीही कालव्यावरच उघडते. काचेमागे कौसर दिसते, टेबलावर कोपरं टेकून, तासन् तास तशीच. परवा उन्हात इनशिराहला तिचं डोकं जरा जास्तच झुकलेलं दिसलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हाक तिच्या अगदी ओठांवर आली. अगं ऊठ, चार पावलं टाक, पाय सुजतील तुझे.

तिने हाक गिळली, शाल घट्ट ओढून घेतली आणि चालायला लागली.